आईचे धवले

प्रिय शांती,

तुझ्या मैनाच्या हळदीला आईने गायचं की नाही, हे तू माझ्यावर सोपवून रोह्याला गेलीस, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. तुझंही चुकत नव्हतं. आईला आता सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. भाऊजींच्या कंपनीतली माणसं येणार, त्यांच्यासमोर ती अडखळली तर? त्यापेक्षा कॅसेट लावू, म्हणालीस. मीही हो म्हटलं. पण आजवर आपल्या जोह्यात धवलारणीने लग्नाचे धवले गायल्याशिवाय कुणाच्या अंगाला हळद लागलेली नाही, आणि आपली धवलारीण म्हणजे आईच. तिला हे सांगायचं कुणी?

परवा शेजारच्या चंद्रावतीच्या मुलीची हळद होती. आईला बोलावणं आलं. मीच तिला लुगडं नेसवून घेऊन गेले. मांडवात गणपतीच्या कारखान्यातल्या बायका रंगाचे हात कसेबसे धुऊन आल्या होत्या. आईने सुरुवात छान केली. देवांना बोलावलं, गावाला बोलावलं. हळद लावायची वेळ झाली आणि तिने सुरू केली पाठवणी! मुलगी अजून पिवळीही झाली नाही, आणि आई तिला वेशीपर्यंत पोचवून डोळे पुसतेय. चंद्रावतीचा चेहरा पांढरा पडला. असला अपशकुन कोण सोसेल? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात मागून आईची मैत्रीण इंदुबाई ओरडली, "गो बायजे, जावयाने पैसं चारलं का काय तुला? हलद तरी लागू दे पोरीला!"

मांडव हसून लोटपोट झाला. आईसुद्धा हसली, पण पुढची ओळ काही तिला सापडेना. मग इंदुबाईनेच ती उचलली. तिच्या पाठोपाठ कारखान्यातल्या बायकांनी. आणि शांती, माझ्याही तोंडून ओळी निघू लागल्या. मी कधी शिकले नव्हते गं! एक अडली की दुसरी पुढे नेत होती. आई नुसती मान डोलवत होती, आणि कुणाची चाल चुकली की पूर्वीसारखीच डोळे वटारत होती. चंद्रावतीने शेवटी मानाची पहिली साडी आईच्याच मांडीवर ठेवली.

घरी येताना बांधावर ती थांबली. म्हणाली, "मालू, मना वाटलं व्हतं, माज्यासंगतीच जातील गानी." मग घरी पोचताच गाढ झोपली. कित्येक महिन्यांनी अशी झोपलेली पाहिली.

तेव्हा आता ऐक. मी आईला घेऊन रोह्याला येतेय. कॅसेटवाल्याला नको म्हणून सांग. आईला कोपऱ्यात खुर्ची देऊ नकोस, हळदीच्या पाटाजवळ बसव. ती मध्येच मैनाला सासरी धाडू लागली, तर घाबरून माझ्याकडे बघत बसू नकोस. पुढची ओळ तू उचल. तुला येते. एकदा तोंड उघडून तर बघ.

तुझीच,
मालूताई