मोटारीचे स्पीकर आणि आईचा पदर

अण्णा,

डावा स्पीकर गेला. काल दुरुस्तीवाल्याने खोकं उघडून पाहिलं आणि तसं सांगितलं. पुढचा कागदी पडदा शाबूत आहे, आतली तारेची गुंडाळी जळाली. वर्षानुवर्षं फार मोठ्या आवाजात वाजवलाय, असं त्याचं म्हणणं. आई समोरच बसली होती. त्याचं बोलणं न कळता म्हणाली, "आवाज बराबर हाय की." स्पीकर तेव्हा सुटा होऊन त्याच्या हातात होता.

चादरींच्या कारखान्याच्या मालकांच्या मोटारीत नवा संच बसला तेव्हा जुना रेडिओ आणि मागच्या काचेखालचे हे दोन लंबगोल स्पीकर ड्रायव्हरने तुम्हाला दिले. त्या काळात सोलापुरात आपल्यासारख्यांच्या घरी असं काही असणं म्हणजे गल्लीभर चर्चा. पण तुम्हाला गाण्याची हौस नव्हती. तुम्ही कारखान्यात जॉबर, मागांची दुरुस्ती तुमच्याकडे. मागावर आडवं सूत नेणारा धोटा तिरका धावायला लागला की कापड बिघडायच्या आत जॉबरला ते आवाजावरून कळावं लागतं. तुम्हाला कळेनासं झालं होतं. "जॉबर, कान कुणाकडं ठिवलं?" अशी थट्टा सुरू झाली होती, आणि कान गेलेल्या जॉबरला कुणी मागांवर ठेवत नाही. घरी स्पीकर जुळवणारा माणूस बहिरा कसा असेल, एवढंच तुम्हाला लोकांना दाखवायचं होतं. हे मला पुढे आईने सांगितलं. तोवर आम्हा भावंडांना काही जाणवलंच नव्हतं, कारण मागांच्या खडखडाटात सगळी गल्लीच ओरडून आणि ओठ बघून बोलायची.

ते दिवस मला दिसतात. यंत्रांचे सुटे भाग ज्यांतून येतात त्या पेट्यांच्या फळ्यांवर तुम्ही रंधा मारता आहात. मोटारीत स्पीकरच्या मागे अख्खी डिकी मोकळी असते, घरच्या खोक्यात आवाज कोंडतो आणि घुमतो, म्हणून आत सुताचा कचरा भरता. ट्रकची जुनी बॅटरी जोडता. पुढे जाळीऐवजी कारखान्यातल्याच चादरीचा जाड तुकडा खिळ्यांनी ठोकता आणि समोर बसून मान डोलावता.

"चादर कशाला लावली?" आई म्हणते. "आवाजाचा गळा दाबल्यागत वाटत हुतं."

"न्हाय, लई ग्वाड वाजतंय."

"काय वाजतंय? वायर निसटलीया मगाशीच. बंद हाय ते."

तुम्ही तिच्या ओठांकडे बघत राहता. मग म्हणता, "कुणाला बोलू नगंस."

ती बोलली नाही. चादर काढून तिने तिथे पंच्याचं पातळ कापड लावलं. घरात कुणी नसलं की तुम्ही खोक्यावर तळवा टेकून ऐकायचात, पण परक्यासमोर हात लावायचा नाही असं ठरलं होतं. गल्लीतली माणसं यायची तेव्हा आई तुमच्या समोर बसायची. तिने पदर डोक्यावर घेतला की गाणं सुरू झालं, मांडीवर सोडला की थांबलं. तुम्ही त्याप्रमाणे मान हलवायचात. कारखान्यातली थट्टा खरोखरच थांबली.

मग एका सुट्टीच्या दिवशी मालक आले. "काय जॉबर, आमच्या मोटारीचं सामान तुमच्याकडं गायला लागलं म्हणं!" असं हसत म्हणाले, थोडा वेळ ऐकलं, आणि आईकडे वळले. "वहिनी, चहा टाका की."

आई उठली. मालकांना चहा नाही कसं म्हणणार? ती चुलीपाशी गेली आणि मालक तुमच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "जॉबर, जरा बारीक करा." मग पुन्हा म्हणाले. मग त्यांनी स्वतःच हात लांब करून तुमच्या पाठीमागच्या फळीवरचा रेडिओ बंद केला. आई कपबशा घेऊन आली तेव्हा खोलीत चिडीचूप होतं आणि तुमची मान डोलत होती.

मालक रागावले नाहीत. चहा पूर्ण प्यायले, फक्कड झाला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला मागांवरून काढून गोदामात चादरींच्या घड्या घालायला बसवलं. तुम्ही रेडिओला पुन्हा हात लावला नाही, बोलणंही सोडल्यासारखंच झालं, आणि तसेच एका हिवाळ्यात गेलात. मालकांनी चहा मुद्दाम मागितला होता का, हे आई अजून मला विचारते.

ते स्पीकर तिने आता टीव्हीला जोडून घेतलेत. त्यावर तळवा ठेवून बसते.

उद्या दुरुस्तीवाला डावा स्पीकर आणून बसवेल. उद्याच दादाही पुण्याहून येतोय. आईला ऐकू येत नाही अशी त्याला शंका आहे. खात्री पटली तर तो तिला या घरात एकटं राहू देणार नाही, घेऊन जाईल. तिला जायचं नाही. त्याचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही.

अण्णा, मला तुमचा आवाज आठवत नाही. ओठ तेवढे आठवतात. हे कागदावर लिहून टाकलं, आता घडी घालून ठेवते.

उद्या मी ओढणी घेऊन आईच्या समोर बसेन. चहा सकाळीच करून थर्मासमध्ये भरून ठेवणार आहे.