सुरकुतलेला रंग आणि भाताची वाफ

अण्णा, रंग बिघडला तो आईच्या भातामुळे नाही. परवा हे मला तुमच्याच पेंट शॉपमधल्या काकांनी सांगितलं. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पंचवटीत रंगाचं दुकान टाकलंय. आईच्या स्वयंपाकघराच्या दाराला रंग घ्यायला मी गेले होते, म्हणून सहज विचारलं. "ऑइलपेंटवर घाईने लॅकर मारला की त्यातलं थिनर खालचा रंग उचलतं, सुरकुत्या पडतात," ते म्हणाले. मी विचारलं, "आणि वाफेने?" "वाफेने लॅकर फार तर पांढुरका पडेल गं. सुरकुत्यांचा आणि वाफेचा काय संबंध?" अण्णांना हे ठाऊक नसेल का, असं विचारल्यावर ते हसले. "अगं, शॉपमध्ये नवीन आलेल्यांना हे अण्णाच शिकवायचे."

तो रविवार मला लख्ख आठवतो. परदेशात ट्रेनिंगला गेलेल्या तुमच्या साहेबांनी तिकडून मासे पकडायचा एक जिग आणला होता, शिशाच्या डोक्यात गळ बसवलेला, छोट्या माशासारखा रंगवलेला. तो बघून तुम्ही आईच्या स्टोव्हवर शिसं वितळवून तसेच डझनभर ओतले होते. साहेब ते घेऊन गंगापूर धरणावर जाणार होते. धूळ नको म्हणून तुम्ही ते स्वयंपाकघरात दोरीला टांगले. पिवळा ऑइलपेंट रात्री दिलेला, बोट लावलं तर अजून चिकटत होता. साहेब दुपारी जेवायलाच येतो म्हणाले, आणि तुम्ही सकाळी लॅकरचा डबा उघडलात. तो झटपट वाळतो, चमकतोही. साहेबांसाठी म्हणून आईने भात लावला.

साहेब दोरीखाली उभे आहेत. पिवळा रंग आक्रसून गोळा झालाय. "काय हो, म्हातारे मासे केलेत का? धरणातले हसतील की!" ते म्हणतात. तुमचा चेहरा पडतो. मग तुम्ही आईकडे वळता. "हिला शंभरदा सांगितलं, रंग ओला असताना स्टोव्ह पेटवू नकोस. हिच्या भाताने वाट लावली." आईच्या हातात ताटं आहेत. ती म्हणते, "अहो, तुम्हीच तर म्हणालात, साहेब जेवायला…" "तू गप्प बस." तिने ताटं मांडली. साहेब तोच भात दोनदा मागून घेऊन जेवले.

पुढच्या खेपेला तुम्ही लॅकरला हात लावला नाहीत. ऑइलपेंटवर ऑइलपेंटच दिलात आणि मध्ये चार दिवस थांबलात. आईला स्टोव्ह घेऊन मागच्या दाराबाहेर बसवलंत. जिग सुरेख झाले. तिला हाक मारून दाखवलेत आणि म्हणालात, "बघ, आज वाफ नव्हती." हे वाक्य मी इतकी वर्षं साधं समजत होते. आता कळतं, काय बदललंय ते माहीत असूनच तुम्ही ते बोललात.

त्यानंतर तुम्ही असेपर्यंत रंगाच्या प्रत्येक दिवशी ती बाहेर बसून भाकऱ्या थापत राहिली, पावसात डोक्यावर पोतं घेऊन. आत्याला तर विषयच मिळाला. "वहिनी आल्या गं, रंग झाका!" सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. माणूस साहेबासमोर घाबरतो, तोंडातून काहीबाही जातं, तेवढं मी समजू शकते. पण साहेब जेवून गेल्यावर संध्याकाळी घरात आपण तिघंच होतो, आणि तेव्हाही तुम्ही तिला खरं सांगितलं नाहीत. त्या संध्याकाळचं काय करू, ते मला कळत नाही.

येत्या रविवारी रंगारी येणार आहेत. आईने कालच फोनवर विचारलं, "गॅस गॅलरीत कधी नेऊन ठेवायचा?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी. मी म्हटलं, राहू दे, मी आल्यावर बघू. रविवारी तिला सगळं सांगणार आहे, काकांनी सांगितलं तसं. ती विचारेल, "म्हणजे यांना माहीत होतं?" तिथे फक्त 'हो' म्हणायचंय. पण खरं सांगू अण्णा, तुमच्या बाजूने काहीतरी जोडल्याशिवाय मला ते म्हणता येईल, असं वाटत नाही.