मुशीच्या तेलाची बाटली

नाशिक, रविवार

ती. आईस, प्रणाली पाया पडते.

एसटीने पाठवलेली सुकट आणि मुशीच्या तेलाची बाटली पोचली. सुकट संपलीसुद्धा. तेल मात्र घेतलं नाही, रागावू नकोस. मुरमांच्या गोळ्या चालू आहेत तोवर माशाच्या काळजाचं तेल बंद, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. दोन्हींचा गुण एकच, मिळून अंगाला जास्त होतं. सुट्टीत परत आणीन, बाबांना होडीच्या लाकडाला चोपडायला लागेल.

चेहरा अगदी साफ झालाय. ओठ तेवढे फुटतात, तूप लावते. स्थळासाठी हवा होता तो फोटो सोबत आहे. हसत का नाही असं कुणी विचारलं, तर ओठांचं सांग.

तुझा गुडघा कसा आहे? थळला मासळी मिळते का?

डॉक्टरीणबाई दर महिन्याला रक्त तपासतात आणि विचारतात, मन उदास असतं का? मी नाही म्हणते. हो म्हटलं तर गोळ्या थांबवतील.

माझ्या पायाशी झोपणारा टायगर मेल्याचं दादाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी ‘बरं’ म्हटलं आणि जेवायला बसले. काल तुझी बाटली उघडून हुंगली. वास आपल्या पडवीचाच होता. मला काहीच वाटलं नाही.

आई, हे बाईंना सांगू का?

तुझी
प्रणाली