आम्ही दोघं अमेरिकेला

४ फेब्रुवारी
लेकीचा, मेघाचा, अमेरिकेहून फोन. उन्हाळ्यात बाळ बघायला दोघंही याच म्हणाली. म्हटलं, आलोच समज. टूरिस्ट व्हिसा काढायचा. एजंट नको. जन्म कंपनीच्या परचेसमध्ये गेला, समोरच्याला गुंडाळायचं मला कुणी शिकवायची गरज नाही. संकल्प : रोज सकाळी इंग्रजी बोलणे.

९ फेब्रुवारी
इंग्रजी उद्यापासून. मेहुण्यानं, म्हणजे प्रणयनं, क्रांती चौकात फ्लेक्स लावला. गॉगलमधला माझा फोटो, खाली ‘परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा’. रूपा म्हणाली, व्हिसाचा पत्ता नाय, आन फ्लेक्स कशाला? बायकोला दूरदृष्टी नाही.

२ मार्च
शेंद्र्याच्या कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांनी सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. तिकडची शिस्त बघून येतो, असं भाषणात सांगितलं. टाळ्या. सत्काराच्या दिवशी कुणी इंग्रजीचा अभ्यास करतं का?

१७ मार्च, मुंबई, दुपार
अमेरिकन वकिलातीत व्हिसाची मुलाखत. रूपाला बजावलं होतं, तू गप्प उभी राहा. खिडकीमागचा साहेब म्हणाला, मराठी दुभाषी देतो. नको म्हटलं. किती दिवस राहणार? पाहुण्यानं असे दिवस मोजून सांगायचे नसतात. म्हटलं, ॲज यू लाइक, सर. परत यावं असं इथं मागं काय आहे? नथिंग सर, रिटायर्ड, फुल्ली फ्री. वाटलं, गडी खूश झाला. त्यानं पासपोर्ट परत सरकवला. नामंजूर.

मग दुभाष्याकडून रूपाला विचारलं, एकट्या जाल का? हे नाहीत तर मीही नाही, असं ती म्हणणार याची मला शंभर टक्के खात्री. ती म्हणाली, जाईन की. परत याल का? म्हणे, यावंच लागंल साहेब, ह्यांना कुकर लावता येत नाय, माझ्यामागं उपाशी राहतील. साहेब हसला. मंजूर!

इतक्या वर्षांचा संसार आणि भर खिडकीत दगा. लई लागलं मनाला. परतीच्या बसमध्ये एक शब्द बोललो नाही. ती झोपली होती.

२१ मार्च
सगळ्यांना सांगतोय, घराकडं बघायला कुणीतरी हवं, म्हणून मीच माघार घेतली. प्रणयनं फ्लेक्स बदलला. आता रूपाचा फोटो मोठा. मी खाली, शुभेच्छुकांत. तोही फितूर.

२ मे, चिकलठाणा विमानतळ
मुंबईचं विमान, तिथून पुढं अमेरिका. दोन महिन्यांत येते, जिवाला जपा म्हणाली. रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडलो.

५ मे
शेजारच्या आवडाबाई म्हणाल्या, भाऊ, या, कुकर शिकवते. साफ नाही म्हटलं. शिकलो तर रूपाला परत यायचं कारणच उरणार नाही. रोज खिचडी मागवतो. पोट बिघडलंय, पण धोरण पक्कं.

३० जून
परवा रूपा येणार. हॉल झाडला. गजरा सांगून ठेवला. ठरवलंय, आल्या आल्या बोलायचं नाही, अबोला धरायचा. निदान चहा होईपर्यंत.

१ जुलै
मेघाचा फोन. आईचं तिकीट पुढं ढकललं, आता ऑक्टोबरात. म्हटलं, अगं, पण माझ्या जेवणाचं काय? मेघा म्हणाली, आई म्हणते, आता शिकून घ्या. म्हटलं, तिलाच दे फोन. ती बाळाला घेऊन फिरायला गेली होती.