दादाचं जॅकेट

तीर्थरूप आईस धाकट्याचा नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? बाबा आता तरी पोटभर जेवतात ना?

परवा ऑफिसातल्या मंडळींबरोबर बर्फावर स्कीइंग शिकायला गेलो होतो. नवे कपडे खिशाला परवडेनात. स्की आणि बूट भाड्याने घेतले, हातमोजे सेलमध्ये मिळाले. आतून तू विणलेला स्वेटर होताच. जॅकेट आणि पँटचं तेवढं अडलं होतं. तेव्हा दादाचा इथला रूम पार्टनर एक पिशवी घेऊन आला.

"तुझ्या दादानेच हे कपडे जुन्या बाजारातून घासाघीस करून घेतले होते," तो म्हणाला. "पहिल्यांदाच जाणार म्हणून घालून खोलीभर नाचला होता. पण त्याआधीच आजारी पडला. तो गेल्यावर मला हे टाकून देववेनात."

आई, फोनवर दादा याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता गं. आजारपणाबद्दल तरी कुठे बोलला?

जॅकेट मला खांद्यात सैल होतं, पण ऊब छान होती. मी सारखा आपटत होतो. लागलं नाही, काळजी करू नकोस. शेवटी एकदा न पडता खाली आलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सोबत आलेला दादाचा रूम पार्टनर मात्र तोंड फिरवून उभा राहिला. लांबून मी अगदी दादाच वाटलो म्हणे.

पुढच्या महिन्यात घरी येतोय. जॅकेट अंगात घालून येऊ, की पिशवीतच ठेवू? तुला सोसेल तसं कळव.

तुझाच,
धाकटा