नेर्मिनबाईंच्या शेजारची खाट

टर्स्खेलिंग बेट,
९ मार्च २०१६

चि. सित्स्केस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

मनगटाचं प्लास्टर निघालं का? सायकल शिकून पन्नास वर्षं झाली आणि बाईसाहेब अजून बर्फावर आडव्या पडतात!

इकडची बातमी वाईट आहे. परवा खुब्याच्या ऑपरेशनसाठी पिशवी भरून बोटीनं गेले, तर इस्पितळाच्या दारातूनच परत पाठवलं. तू होतीस तोच हाडांचा वॉर्ड बंद केलाय. औषधांना न जुमानणारा कसलासा जंतू सापडला म्हणे. आता पुढची तारीख थेट शरदात. तोवर पायात मोजे घालायला मला नवऱ्याच्या, डोवेच्या, तोंडाकडे बघावं लागणार. मला मोजे घालताना तो शिट्टी वाजवतो, दुखण्यापेक्षा त्याचाच ताप जास्त.

तुझ्या लेकीनं, मारिटनं, फोनवर सांगितलं, की जंतू निघाला तो गुडघ्याच्या ऑपरेशनला आलेल्या एका तुर्की बाईच्या अंगावर. नेर्मिन की कोण. तुझ्याच शेजारच्या खाटेवर होती ना? परतीच्या बोटीवर मी सगळ्यांना मोठ्यानं ऐकवलं, की ही माणसं आपल्या देशात जाऊन येतात आणि तिकडची घाण इथे वाटत बसतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. तू जपून राहा.

लोभ आहेच, पण पत्रं जरा लांब लिहीत जा.
तुझी विप्के

२० मार्च २०१६

ती. विप्केताईस सित्स्केचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. नेर्मिनबाई नऊ वर्षांत तुर्कस्तानला गेलेल्याच नाहीत. गेले होते ती मी.

ऑक्टोबरात द्रेंथेला मैत्रिणीकडे जाते म्हणाले, ते खोटं होतं. मी इस्तंबूलला जाऊन पोटाची लोंबती कातडी कापून घेतली. चार बाळंतपणांचं ते पोट मला बघवत नव्हतं. आपल्या घरात आरशासमोर दोनदा उभं राहिलं तरी आई खाकरायची, मग हे सांगणार कुणाला? जखमेचं एक टोक भरलंच नाही. पट्टी लावून हिंडत राहिले.

मनगट मोडून भरती झाले तेव्हा नर्सनं विचारलं, वर्षभरात परदेशातल्या इस्पितळात होता का? हे सगळ्यांनाच विचारतात. हो म्हटलं असतं तर वेगळ्या खोलीत ठेवून आधी तपासलं असतं. पण मारिट उशाशी उभी होती. मी नाही म्हटलं.

माझा उजवा हात बांधलेला, म्हणून नेर्मिनबाई आपल्या डब्यातले द्राक्षाच्या पानांचे भरले विडे मला स्वतःच्या हातानं भरवायच्या. आता त्यांचा गुडघा चिघळून दुसऱ्यांदा उघडावा लागलाय. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी इस्पितळात जाऊन खरं सांगितलं. तपासणीत जंतू माझ्या जखमेत निघाला, तोच. मारिटला अजून माहीत नाही. नेर्मिनबाईंनाही नाही. ताई, मला माझी लाज वाटते. तुझ्या खुब्याची तर किती क्षमा मागू?

तुझी सित्स्के

२४ मार्च २०१६

चि. सित्स्केस,

आशीर्वाद मागाहून.

दोन दिवस रागानं लेखणी उचलली नाही. माझ्या खुब्याचं मी बघून घेईन. मला सांगितलं असतंस तर फार तर जन्मभर चिडवलं असतं तुला. तेवढं टाळायला तू त्या बाईचा गुडघा घालवलास.

आणि मी कोण मोठी लागून गेले? त्या बाईचं नुसतं नाव माहीत, तरी भरल्या बोटीत तिला घाण म्हणाले. मला त्यासाठी कुठे परदेशीसुद्धा जावं लागलं नाही. शनिवारी बोटीवर तीच मंडळी असतील. तोंडातून शब्द फुटला तर खरं सांगेन. फुटेलच असं वचन देत नाही.

तू मारिटला घेऊन नेर्मिनबाईंच्या घरी जा. केक नेऊ नकोस. केक पुढे ठेवला की माणसाला मुकाट्यानं माफ करावं लागतं.

विप्के

३ एप्रिल २०१६

ती. विप्केताईस सा. न. वि. वि.

रिकाम्या हातानं गेलो. नेर्मिनबाई खिडकीशी पाय लांब करून बसल्या होत्या. मुलगा, सून आणि सुनेच्या कडेवर तीन महिन्यांचं बाळ. मी मान खाली घालून सगळं सांगितलं, पोटासकट. परतताना वाटेत मारिट म्हणाली, की मी तुझ्या उशाशी नसते तर बरं झालं असतं.

नेर्मिनबाई म्हणाल्या, "मला काय सांगतेस? मी कुठे गेले नव्हते हे मला ठाऊकच आहे. हिला सांग." त्यांनी सुनेकडे बोट केलं. जंतूचं कळल्यापासून तिनं बाळ त्यांच्याकडे दिलेलं नाही. हात धुऊन बाळ घ्यायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी म्हटलं, तरीही नाही.

मग सुनेसमोर मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता नेर्मिनबाईंनी बाळासाठी हात पुढे केले.

सून माझ्याशी फार सभ्यपणे बोलली. म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले. पण आणला कुणीही असो, आता तो यांच्या अंगावर आहे ना?"

नेर्मिनबाईंनी हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले. मग मारिटला विचारलं, चहा घेणार का.

लोभ असावा, असं आज मागवत नाही.
सित्स्के