आमच्यात उजवा

४ जाने., रविवार
माझ्या शिल्पांच्या शेडमध्ये आज चार कपडे उभे आहेत. बाराबंदी, जरीचा फेटा, परकर-पोलकं, खणाची चोळी. आत माणूस नाही. जुन्या कोल्हापुरातलं कुणीतरी आत्ताच त्यातून उठून गेल्यासारखे दिसावेत, एवढीच इच्छा. कोट अर्धा झालाय. नऊवारी अजून घडीतच.

प्रदर्शन ३० ला. पेपरात पुरवणीचं काम करायचे तेव्हा मला उशीर झाला तर पान दुसरं कुणीतरी छपाईला सोडायचं. इथे दुसरं कुणी नाही.

दादा कागलहून साडीसाठी लोखंडी सांगाडा घेऊन आला. एमआयडीसीतल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये स्वतः वेल्डिंग केलंय. "सुमे, खांदे आईचंच घेतल्यात, मापं काढून." आई सांगाड्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "एवढी वाळकी हाय व्हय मी?"

७ जाने., बुधवार
मला नऊवारी नेसवता येत नाही. हे प्रद.च्या पत्रिकेत लिहिणार नाही. आईलाच शेडवर आणलं. साडीही तिचीच, जुनी हिरवी इरकल. रेझिन चढलं की कापड कडक होतं, कापड राहत नाही, साडी परत मिळायची नाही, हे दोनदा सांगितलं. "कपाटात तरी कुठं नेसतीया ती," म्हणाली.

सांगाड्यासमोर उभी राहिली आणि हात आपोआप चालले. ब्याऐंशीव्या वर्षी. माझी पाठ तिच्याकडे होती, मी रेझिन कालवत होते. वळले तोवर निऱ्या खोचून, पदर टाकून बाई बाजूला. "झालं. मला घरला सोड, दूध तापवायचंय."

परत येऊन खालपासून ब्रश मारत वर गेले. सगळं लक्ष निऱ्यांत. छान पडल्यात.

८ जाने.
पत्रिकेसाठी मोबाईलवर फोटो काढले. पदर उजव्या खांद्यावर! पहिला विचार, फोटो उलटा लागलाय. जुनी सवय. पेपरात कधी फोटो उलटा जायचा आणि पाहुणे डाव्या हाताने दीपप्रज्वलन करायचे. मग मनगटावरचं घड्याळ बघायचं, शर्टाची गुंडी बघायची. इथे घड्याळ नाही, गुंडी नाही. शेडमध्ये जाऊन पाहिलं. फोटो सरळ आहे.

दुसरा विचार, आई समोर तोंड करून नेसवत होती, आरशासारखं झालं. मीच लक्ष द्यायला हवं होतं. आता रेझिन वाळलंय, एक घडीसुद्धा हलणार नाही.

संध्याकाळी आई शेंगा फोडत बसली होती.
"आई, साडीचा पदर उलटा पडला गं."
"उलटा न्हाय. आमच्यात उजवाच."
"आमच्यात म्हणजे?"
"म्हणजे आमच्यात." आणि शेंगा.

१० जाने., शनिवार
आईचं माहेर गडहिंग्लजकडचं, लिंगायत, घरात कन्नड. वडील, आबा, मराठा. हे आम्हाला कायमच माहीत. पदराचं माहीत नव्हतं. मावशीला जन्मापासून बघते आहे, तिचा पदर कुठल्या खांद्यावर असतो हे काही केल्या आठवेना. व्हिडिओ कॉल लावला. उजव्या. तिथेही आधी वाटलं, मोबाईल उलटं दाखवतोय. "काय बघतीस गं एवढं टक लावून?" म्हणाली.

आणि मी कपड्यांची शिल्पं करते.

आईकडून थोडं थोडं निघतं. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूने, म्हणजे आमच्या आज्जीने, सगळ्या बायकांसमोर तिचा पदर उचलून डाव्या खांद्यावर टाकला. "आता आमची झालीस." एवढंच.
"वाईट वाटलं?"
"लाजलो मी." मग, "बरं बी वाटलं. तोवर कोण जवळच येत नव्हतं."
पुढे काहीतरी होतं. बोलली नाही. वार्ताहरांच्या बातम्यांत असली अर्धी वाक्यं मी पुरी करायचे. हे करणार नाही.

१४ जाने., संक्रांत
दादा तिळगूळ घेऊन आला. साडी पाहिली. पाहता पाहता गोड बोलणं संपलं.

त्याच्या मुलाचं लग्न ठरलंय. गारगोटीचे व्याही उद्घाटनाला येणार, त्यानेच बोलावलंय, बहिणीचं कौतुक दाखवायला. "लोक इचारणार. कुणाची साडी, कसला पदर. मग आपल्या आईचं माहेर निघणार. लग्नाच्या तोंडावर कशाला?"
"त्यांना माहीत नाही?"
"माहीत हाय गं. पण माहीत असणं येगळं आणि मांडून ठेवणं येगळं."

मग त्याने वाट काढून दिली. चुकलं म्हणून सांग. समोर उभं राहून नेसवली, उलटं पडलं, झालं. नाहीतर दुसरी कर, सांगाडा दोन दिवसांत देतो. देईलही, रात्रपाळी करून. जाताना दारात म्हणाला, "आईनं एवढी वर्सं डावा घेतला, ते काय खोटं हुतं व्हय?"

प्रश्न रास्त आहे.

१९ जाने.
साडीखालच्या कार्डावर काय लिहायचं? 'नऊवारी, इरकल.' पुढे काय? 'कोल्हापूर' म्हणावं तर पदर कोल्हापूरचा नाही. 'गडहिंग्लज' म्हणावं तर नेसणारी इथली. दुसऱ्यांच्या लेखांना मथळे देत आले, स्वतःच्या आईला दोन ओळींत बसवता येईना.

दुसरी साडी करायला वेळ आहे. होईल. नीट डाव्या खांद्याची, कुणी काही विचारणार नाही अशी.

शेवटी आईलाच विचारलं. ठेवू का ही?
"ठेव की. माझं नाव घालू नगंस."
"दादा म्हणतो, चूक झाली म्हणावं."
दळणातले खडे वेचत होती. वर न बघता, "तुझी चूक म्हणणार असशील तर म्हण. माझी न्हाय झाली."

कार्डावर 'नऊवारी, इरकल' एवढंच. दादाला फोन करून सांगितलं, सांगाडा नको. तो "बरं" म्हणाला. त्याचं "बरं" मला कळतं.

३० जाने., शुक्रवार
उद्घाटन. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त. उसाच्या ट्रॉल्यांत अडकून प्रमुख पाहुणे उशिरा. फेट्यासमोर सेल्फीवाल्यांची रांग. कोट सगळ्यांना आवडतोय.

आईला काल म्हटलं होतं, चल. "गर्दीत नको," म्हणाली.

दादा व्याह्यांना एकेक दाखवत साडीपाशी आला. तेवढ्यात मागून एक गृहस्थ, आवाज तालमीतला: "मॅडम, पदर उलटा पडलाय की ओ! नेसवली कुणी?" सगळं दालन वळलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याने दिलेलं वाक्य तोंडात तयार होतं, चार शब्दांचं, कुणालाही न दुखावणारं.
"उलटा नाही. काही घरांत असाच घेतात."
"कुणाच्यात?"
"आहेत घरं," म्हटलं. पुढे धीर झाला नाही. म्हणजे मीही अर्धंच बोलले.

व्याही म्हणाले, "कोट मात्र झकास." दादा चहा न घेता गेला. सांगाड्यासाठी पत्रिकेत त्याचे आभार मानलेत, ते त्याने वाचलं की नाही कोण जाणे.

१ फेब्रु., रविवार
आई आली. मावशीला गडहिंग्लजहून बोलावून घेतलं होतं, मला न सांगता. दोघी हातात हात धरून बाराबंदीपासून सावकाश. साडीसमोर मावशी थबकली. "अक्का, इदु नीने!" ही तूच की. एवढं कन्नड मलाही कळतं. आई निऱ्या मोजल्यासारखं करत राहिली.

एक कॉलेजची मुलगी वहीत चित्र काढत होती. तिने विचारलं, "आज्जी, असा पदर खरंच घ्यायचे का?"
आई म्हणाली, "घेत असतील कोण. आमच्यात डावा."

मावशीने हात सोडवून घेतला आणि कोटाकडे गेली. दुपारच्या गाडीने परतसुद्धा गेली. जेवायला थांबली नाही.

रात्री ताटावर आईच म्हणाली, "त्या पोरीला काय सांगणार? दोन्ही म्हणून?"

५ फेब्रु., गुरुवार
प्रद. संपलं. पाच कपडे शेडवर. साडी आईने घरी मागवली. "हॉलमध्ये नको, माझ्या खोलीत." टेम्पोवाल्याने विचारलं, "आज्जी, तोंड कुठं करू हिचं?" आई म्हणाली, "तोंड हाय कुठं तिला? दाराकडं कर."

दादाचा फोन. रविवारी व्याही जेवायला येतायत, आईला भेटायचंय त्यांना. साडी घरी आणल्याचं मीच सांगितलं. तो म्हणाला, "खोलीचं दार लावून ठेव."

आईला निरोप दिला. वर चादर टाकू का, विचारलं.
"साडीवर चादर?" हसली.
जवळ गेली, खांद्यावरचा पदर नखाने वाजवून बघितला. टणक. "हा आता हलायचा न्हाय, व्हय गं?"
"नाही."
"मग रविवारी माझ्याच पदराचं बघायचं ऱ्हायलं."